मांडणी ही टायपिंगवाल्याची बाब नव्हे

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात एम.एस्सी.चे प्रबंध सादर करायचे दिवस आले, की विद्यार्थ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "काम सगळं झालंय, आता फक्त थिसिस टाइप करून घ्यायचा." संशोधन शेतावर संपतं आणि पुढचं सगळं डीटीपी सेंटरचं, ही त्यामागची समजूत. मला ती मान्य नाही.

तिची बाजू मात्र लेचीपेची नाही. खरा घाम पेरणीत, कोळपणीत, भर उन्हातल्या नोंदींत आणि मळणीत गळतो. समास किती सोडला, तक्त्याचं शीर्षक वर घेतलं की खाली, यानं सोयाबीनचा उतारा बदलत नाही. शिवाय जिंतूर-गंगाखेडच्या खेड्यातून आलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला या नियमांनी आणखी का नाडायचं? यातला शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याकडे नंतर येतो. उतारा बदलत नाही, हे मात्र खरं नाही.

समजा, सोयाबीनच्या प्रयोगात एका वाफ्याचं एकूण क्षेत्र 5.4 बाय 4.5 मीटर आहे. कडेच्या ओळी आणि दोन्ही टोकं सोडून 4.5 बाय 3.6 मीटरच्या निव्वळ क्षेत्रातून 3.6 किलो धान्य मिळालं. निव्वळ क्षेत्र धरलं तर हेक्टरी उत्पादन 22.2 क्विंटल येतं, चुकून एकूण क्षेत्र धरलं तर 14.8. धान्य तेच, फरक 7.4 क्विंटलचा. 'साहित्य आणि पद्धती' या प्रकरणात दोन्ही मापं लिहिलेली नसतील, तर यातलं खरं काय हे परीक्षकाला कळायला मार्गच नाही.

तक्त्यांचंही तेच. एका उपचाराचं उत्पादन 24.1 क्विंटल, दुसऱ्याचं 23.3 आणि तळाला क्रिटिकल डिफरन्स 1.5. म्हणजे दोन्ही उपचार बरोबरीचे. त्यांच्यातल्या फरकावर निष्कर्ष काढता येत नाही. आता हाच तक्ता पानाच्या शेवटी तुटला आणि सी.डी.ची ओळ पुढच्या पानावर गेली, तर वाचणाऱ्याची नजर 24.1 वर थांबते. त्या उपचारात एक फवारणी जादा असेल, तर तिचा खर्च उद्या कुणाच्या तरी खिशातून जाईल. तक्ता एका पानावर ठेवा, हा नियम नुसत्या देखणेपणासाठी नाही.

दुसरा युक्तिवाद सिनियरच्या थिसिसचा. जुनी फाइल घ्यायची, नावं आणि आकडे बदलायचे. साचा ठरलेलाच आहे ना? प्रकरणांचा क्रम ठरलेला आहे, हे बरोबर. पण हंगाम ठरलेला नसतो. शेंगा भरताना पावसानं ताण दिला, हे कळायला त्याच वर्षाचा हवामान आठवड्यांचा तक्ता लागतो. तिथे मागच्या वर्षाचा पाऊस तसाच राहिला, तर पुढचं सगळं विवेचन खोट्या पायावर उभं राहतं. ही नुसती नजरचूक म्हणून सोडून देता येत नाही.

"शेवटी वाचतं कोण? ग्रंथालयाच्या कपाटातच जायचं," असंही म्हणतात. कृषिकोश या संग्रहात कृषी विद्यापीठांचे प्रबंध आता संगणकावर वाचता येतात, त्यामुळे कपाटाची सबब उरलेली नाही. आणि नीट नोंदलेलं काम किती लांब जातं, याचा दाखला याच विद्यापीठात आहे. 'परभणी क्रांती' ही केवडा रोगाला प्रतिकार करणारी भेंडी. पुसा सावनी आणि रानटी मॅनिहॉट यांच्या संकरातून ती कशी उतरली, हे जांभळे आणि नेरकर यांनी 1986 मध्ये 'हॉर्टसायन्स' या नियतकालिकात छापलं. वंशावळ अशी लिहून ठेवली, म्हणूनच पुढच्या पैदासकाराला ती हाती धरून काम करता येतं.

सोनेरी अक्षरांची बायंडिंग, चार पानी ऋणनिर्देश, जाड कागदाचा हट्ट हे सगळं खुशाल कमी करा. विद्यार्थ्याचा पैसा त्यात विनाकारण जातो. त्याऐवजी मराठी सारांशाची दोन पानं जीव ओतून लिहून घ्या. 18 मे 1972 ला मराठवाड्यासाठी स्थापन झालेल्या विद्यापीठातल्या प्रबंधाचा निष्कर्ष मानवत-सेलूच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, एकरी हिशेबात कळला पाहिजे. आणि जो निष्कर्ष मराठीत सरळ सांगता येत नाही, तो बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच पुरता उमगलेला नसतो.

राहिला खेड्यातल्या मुलाचा प्रश्न. त्याला नियम सैल करून देणं ही मदत नव्हे. ते वेळेवर शिकवणं ही मदत. आज हे शिक्षण सबमिशनच्या घाईत, टायपिंगवाल्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून होतं. ते पेरणीच्या आधी व्हावं. विद्यार्थ्यानं सगळे तक्ते रिकामे आखून गाईडपुढे ठेवावेत: रकाने कोणते, एकक कोणतं, नोंद पेरणीनंतर कितव्या दिवशी. मुळांवरच्या गाठी फुलोऱ्यात मोजायच्या आहेत, हे तेव्हाच ध्यानात येईल. तो रकाना काढणीनंतर आठवला, तर गाठी मोजायला शेतात झाडच नसतं.