विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोणती वाळू? प्रवाळाचे तुकडे कायद्याच्या कचाट्यात का येतात?

उपनगरांतील फ्लॅटमध्ये गोड्या पाण्यातील गोल्डफिशच्या जोडीला आता क्लाउनफिशचे खारे टँकही दिसतात. असा टँक मांडताना पहिला प्रश्न येतो तळाच्या थराचा, म्हणजे सबस्ट्रेटचा. वर्सोवा, आक्सा, गोराई जवळ असताना वाळू विकत का घ्यायची, असेही वाटते. पण ही निवड माशांच्या जिवाशी आणि वन्यजीव कायद्याशीही जोडलेली आहे.

वाळूचे काम काय?

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. वाळू आणि खडकांवरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. गॉबी, रॅससारखे काही मासे वाळू उकरतात किंवा तिच्यात लपतात. त्यांना मऊ, बारीक वाळू लागते.

अ‍ॅरागोनाइट म्हणजे काय?

हे कॅल्शियम कार्बोनेटचे एक रूप. बहामाची प्रसिद्ध वाळू प्रवाळ दळून केलेली नसते. ते कण उथळ, उबदार समुद्रात थरावर थर चढून बनतात. टँकच्या पाण्याचा सामू (पीएच) साधारण ८.१ ते ८.४ लागतो. तो ही वाळू आपोआप राखते, हा मात्र गैरसमज. इतक्या सामूला ती फारशी विरघळतच नाही. त्यामुळे पाण्याची नियमित तपासणी टळत नाही.

दाणा आणि जाडी किती असावी?

बहुतेक घरगुती टँकला १ ते २ मिलिमीटरचा दाणा आणि ३ ते ४ सेंटिमीटरचा थर पुरतो. जाड्या खड्यांच्या फटींत घाण साचते. दहा सेंटिमीटरहून खोल थरात प्राणवायू संपतो आणि तिथले जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. मात्र असा जुना थर एकदम ढवळला तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. वजनही मोजावे : ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या तळावर ४ सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे १६ लिटर, अर्थात जवळपास २४ किलो कोरडी वाळू.

चौपाटीची वाळू का नको?

उपनगरांचे सांडपाणी नाले आणि खाड्यांमधून याच किनाऱ्यांवर येते. वाळूत गाळ, तेल, प्लॅस्टिकचे कण असतात. ती कितीही धुतली तरी दाण्यांना चिकटलेले सगळे निघेलच असे नाही. शिवाय किनारी नियमन क्षेत्रातील वाळूउपशावर निर्बंध आहेत.

प्रवाळाचे तुकडे बेकायदा कसे?

दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. कायदा प्राण्याच्या अवयवांनाही लागू असल्याने ‘मेलेलाच तुकडा होता’ हा बचाव पुरत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरील प्रवाळ हलवतानाही महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती.

मग घ्यावे काय?

बंद पाकिटातील, उगम लिहिलेली अ‍ॅरागोनाइट वाळू आणि तिचे बिल, हा सर्वांत सुरक्षित मार्ग. खडकांसाठी सिरॅमिक किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड चालतात. नुसते काचेचे तळ ठेवले तरी चालते. सफाई सोपी होते, फक्त वाळूत लपणारे मासे घेऊ नयेत. सुट्या पोत्यातला ‘कोरल’ स्वस्त दिसला, तर तो कुठून आला हे दुकानदाराला विचारावे. उत्तर गोलमोल असेल तर तो माल घेऊ नये. कारण अशी मागणी राहते तोवर कुठल्या तरी किनाऱ्यावर प्रवाळ तोडला जात राहतो.