कीबोर्ड नाही, ही सबब पुरे

यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाच्या फलकावर सगळा मजकूर रोमन लिपीत होता. माझ्या धाकटीने तो मोठ्याने वाचला, "हाल्डी कंकू". शेजारच्या एक ताई म्हणाल्या, "अगं, कॉम्प्युटरवर मराठी कुठे टाइप करता येतं?" पोरीला ते खरंच वाटलं. माझा मात्र त्या सबबीने संताप झाला.

आमच्याच घरात थोरल्याने जपानी कार्टूनच्या नादाने जपानी कीबोर्ड स्वतःहून लावून घेतला. ह्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकांसाठी फ्रेंच आहे. तिथे कुणी म्हणत नाही, "कुठे जमतं!" आणि मराठीचं अडलंय तरी कुठे? भारत सरकारने इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ साली ठरवून दिला.

आपल्या मराठी शाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे. टर्मिनल उघडायचं, 'जीसेटिंग्ज सेट' लिहून इनपुट सोर्सेसच्या यादीत दोन नावं भरायची: इंग्रजीसाठी 'यूएस', मराठीसाठी 'इन प्लस मार-कागपा'. एंटर. सुपर आणि स्पेस एकदम दाबलं की भाषा बदलते. हे ज्याच्या नावाने लॉगिन केलं असेल त्याच्यापुरतंच होतं, पण ओळ तीच, प्रत्येक मशीनवर पेस्ट करायची. मेन्यूत शोधत बसायला नको. 'सेटएक्सकेबीमॅप'ने केलेला बदल मात्र लॉगआउट केलं की जातो, म्हणून शाळेत तो नको. विंडोज असेल तर पॉवरशेलमधून भाषांच्या यादीत मराठी घालता येते.

हा कागपा कीबोर्ड इनस्क्रिप्टहून वेगळा, उच्चाराच्या अंगाने चालतो. एच, शिफ्ट धरून एल, मग डी: 'हळद' झाली. रोमनमध्ये हा ळ कुठून आणणार? आपली मुलं 'बाळ'चं 'बाल' करतात, 'शाळा'ची 'शाला' करतात आणि आपण हसून सोडून देतो. अहो, त्यांच्या डोळ्यांना ते अक्षर दिसतच नाही! भाषा टिकवायची म्हणून आपण दर रविवारी मुलांना गाडीत घालून शाळेत नेतो आणि दारातच रोमन फलक लावतो. हे बंद झालं पाहिजे. आईवडिलांनी आधी स्वतः शिकावं, मग मुलांना सांगावं.

फार उपदेश झाला, माफ करा. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे क्लास यातून वेळ काढून तुम्ही मंडळाचं काम करता, हे मी रोज बघते. फलक रंगवणाऱ्या ताईंना मुळीच दुखवायचं नाही.

तूर्त एवढंच मागते: गुढीपाडव्याच्या आत शाळेच्या सगळ्या मशीनवर ती ओळ चालवू या. रविवारी वर्ग सुटल्यावर मी थांबते, कुणीतरी पासवर्ड घेऊन या.