सीझन जंगलाचा, हजेरी कॉलेजची

मागच्या सप्टेंबरात आम्ही सहा जण पहाटे पुण्याहून निघून कासला गेलो होतो. ऑनलाइन पास काढलेला, मोबाइल फुल चार्ज, स्टेटससाठी गाणंही ठरलेलं. गेटच्या आत आमच्याच वयाचा एक मुलगा होता. अंगात रेनकोट, गळ्यात शिट्टी. फोटोसाठी एक काकू वाट सोडून फुलांत शिरल्या, तशी त्याने शिट्टी फुंकली. ‘‘मावशी, पाय तेवढा वाटेवर ठेवा. एक पाऊल पडलं की पुढच्या वर्षीचं बीसुद्धा मरतंय.’’

नंतर त्याने आम्हाला सीतेची आसवं दाखवली. एवढंसं निळं-जांभळं फूल. मग म्हणाला, ‘‘ही किडे खाते. कातळावर मातीचा थर पातळ, त्यात नायट्रोजन कमी. मग बारीक पिशव्यांत किडे पकडून भागवते.’’ आमच्यातली बॉटनीवाली मैत्रीण त्याच्याकडे बघतच राहिली. तोही एसवाय बीएस्सीला, विषय बॉटनीच. तो दिवस शुक्रवार होता.

‘‘मग आज कॉलेज?’’

तो हसला. ‘‘कॉलेजला गेलो तर सीझनचे पैसे जातात. इथं आलो तर हजेरी जाते. गेल्या वर्षी डिफॉल्टर लिस्टमध्ये होतो.’’

त्याचं नाव लिहीत नाही, कारण हजेरीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण परतीच्या वाटेवर मला माझीच फाइल आठवत राहिली. तिच्यात ‘निसर्ग इंटर्नशिप’चं एक चकचकीत सर्टिफिकेट आहे. सात हजार रुपये फी, चार दिवसांचा कॅम्प, दोन नेचर ट्रेल, एक शेकोटी आणि घरी येऊन लिहिलेला रिपोर्ट. कॉलेजने ते मुकाट्याने स्वीकारलं, क्रेडिटही दिले. मी पैसे भरून जंगलात गेले आणि शिकले असं ठरलं. तो पठारावर राबला, तर गैरहजर ठरला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी जंगलात सीझनमध्ये पर्यटकांना सांभाळण्याचं जे काम गावातली कॉलेजची मुलं आधीपासून करत आहेत, तीच खरी इंटर्नशिप आहे. तिला तसं नाव द्या, क्रेडिट द्या, मानधन द्या. शहरातल्या आमच्यासारख्यांना त्यात यायचं असेल तर त्यांच्या हाताखाली येऊ द्या.

आता हिशेब बघा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली आहे. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटना १२० तास. दिवसाला आठ तास धरले तर पंधरा दिवस. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे फक्त शनिवार-रविवार मोजले तरी ते भरतात. म्हणजे कासवरचा तो मुलगा एकही लेक्चर न बुडवता चार क्रेडिट कमावू शकतो. अडचण तासांची नाहीच. अडचण अशी, की ‘इंटर्नशिप’ म्हटलं की कॉलेजच्या डोळ्यांपुढे एसी ऑफिस येतं आणि उन्हाळ्याची सुट्टी येते. जंगलाचा सीझन तुमच्या-माझ्या टाइमटेबलला विचारून येत नाही. भंडारदऱ्याचे काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, धबधबे जुलै-ऑगस्टमध्ये आणि कासची फुलं सप्टेंबरात.

आणि काम किती आहे, ते कुठल्याही पावसाळी रविवारी घाटात जाऊन बघा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर जमावबंदीचे आदेश निघाले. असे आदेश आता बहुतेक पावसाळ्यांत निघतात, आणि दोन-तीन रविवार गेले की गर्दी परत तिथेच असते. कारण आदेश काढायला एक सही पुरते. पण घसरड्या वाटेच्या तोंडाशी उभं राहून ‘आज पाणी वाढलंय, मागे फिरा’ असं दिवसभर सांगायला माणसं लागतात. एकेका वनरक्षकाकडे जंगलाचा मोठा पट्टा असतो. वणवा, अवैध तोड, वन्यप्राणी हे सगळं बघून त्याने रील करणाऱ्यांच्या मागेही धावायचं?

काजव्यांचंच घ्या. नर काजवे चमकतात ते मादीला इशारा द्यायला. त्या अंधारात गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च पेटले, तर तो इशाराच पोहोचत नाही. तिथे गाड्या लांब थांबवून दिवे बंद करायला लावणारी, हे कारण दोन वाक्यांत समजावणारी दहा मुलं हवीत. कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. तिथल्या लोखंडी शिड्यांपाशी सुट्टीच्या दिवशी रांग लागते. तिथे वर जाणारे आणि खाली येणारे आळीपाळीने सोडणारं कुणीतरी हवं. माणसं मोजणं, पाट्या लावणं, प्लास्टिक गोळा करून त्याची नोंद ठेवणं, प्रथमोपचार, माहिती देणं. यातलं कुठलंच काम ‘टाइमपास’ नाही, आणि यातलं काहीही लेक्चर हॉलमध्ये शिकता येत नाही.

हे चालू शकतं का? कास हेच त्याचं उत्तर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गर्दी उसळली. आज तिथे दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आहे. प्रवेशशुल्क आहे. आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या वनविभागाबरोबर ही व्यवस्था सांभाळतात आणि त्यातून गावातल्या तरुणांना सीझनचं काम मिळतं. पैसा आहे, पद्धत आहे, माणसंही आहेत. फक्त या कामाचा आणि कॉलेजचा एकमेकांशी काही संबंध नाही.

परदेशात हा संबंध जोडला, तो एका विद्यार्थिनीने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत गर्दी वाढली होती आणि देखभालीला हात कमी पडत होते. १९५५ मध्ये व्हासार कॉलेजच्या एलिझाबेथ कुशमन हिने आपल्या प्रबंधात लिहिलं, की हे काम विद्यार्थ्यांना द्या. १९५७ मध्ये ऑलिम्पिक आणि ग्रँड टेटन या दोन उद्यानांत विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्या कामाला लागल्या. त्यातून उभी राहिलेली संस्था आजही चालू आहे. तिथल्या सार्वजनिक जमिनींवर ठरावीक प्रकारच्या युवा कार्यक्रमांत ६४० तास पूर्ण केले, की सरकारी नोकरीच्या अर्जात त्याचा फायदा होतो. तिथेही सगळं आलबेल नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने पैशांअभावी पुढच्या वर्षासाठी आगविरोधी कामं सोडून बाकीची हंगामी भरती थांबवली. पण मुद्दा उरतोच. तिथे या तासांची नोंद होते आणि ती पुढे कामाला येते.

मानधनाबद्दल बोलताना आपल्याकडे लगेच ‘सेवाभाव’ आठवतो. सेवाभाव परवडतो, तो ज्यांच्या घरून पॉकेटमनी येतो त्यांना. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी पास उमेदवाराला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्याला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलं. म्हणजे शिकता शिकता काम करणाऱ्याला पैसे द्यायचे, हे सरकारलाही मान्य आहे. मग त्याच धर्तीवर जंगलातल्या सीझनसाठी, शिकणाऱ्या मुलांना दिवसाच्या हिशेबाने मानधन द्यायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शहरातली मुलं इंटर्न म्हणून घुसली, तर गावातल्या पोरांचा रोजगार जाईल. फुकटात राबायला तयार असलेला इंटर्न मिळाला, तर पैसे घेणारा गाइड कोण ठेवील? म्हणून क्रम ठरलेला हवा. पहिला हक्क पायथ्याच्या गावांतल्या विद्यार्थ्यांचा. बाहेरचे आले तर जास्तीचे हात म्हणून, स्थानिक गाइडच्या देखरेखीखाली. आणि कुणीही बिनपगारी नको. दुसरी भीती सुरक्षेची. तीही रास्त आहे. बुडणाऱ्याला बाहेर काढणं, दरीत उतरणं हे प्रशिक्षित बचाव पथकांचं काम आहे, विद्यार्थ्यांचं नाही. विमा आणि दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणाच्याही गळ्यात शिट्टी घालू नये.

मागण्या तीनच आहेत. वनक्षेत्रपालाच्या सहीचा तासांचा दाखला कॉलेजने इंटर्नशिप म्हणून धरावा. सीझनच्या त्या दिवसांची हजेरी कापू नये. आणि मानधन प्रवेशशुल्कातून किंवा सरकारी योजनेतून, पण वेळेवर मिळावं.

तुम्ही काय करू शकता? तुमच्या कॉलेजात इंटर्नशिपचं काम बघणारे एक सर किंवा मॅडम असतीलच. त्यांच्याकडे जा आणि एवढंच विचारा, ‘‘वनविभागाच्या दाखल्यावर क्रेडिट मिळेल का?’’ उत्तर ‘बघू’ असं येईल. पुन्हा जा, या वेळी दहा जण मिळून. आणि पुढची ‘निसर्ग इंटर्नशिप’ बुक करण्याआधी, ती फी तुम्ही नेमकी कशासाठी भरताय याचा जरा विचार करा.

निघताना मी त्या मुलाला विचारलं होतं, तुझे तास कुठे लिहिले जातात का? त्याने गेटजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, पावसाने कडा फुगलेली एक वही. रोजची ड्युटी, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. ‘‘सगळं आहे बघा,’’ तो म्हणाला. ‘‘कॉलेजला झेरॉक्स चालंल का, तेवढं तुम्ही विचारून सांगा.’’

मी अजून विचारतेच आहे.