जुलैचं रोप आणि मे महिन्यातली शाळा

पहिला दमदार पाऊस झाला की राज्यभरातल्या शाळांच्या आवारात खड्डे खणले जातात. पाहुणे येतात, मुलं रांगेत उभी राहतात, रोप खड्ड्यात उतरतं, माती लोटली जाते आणि फोटो निघतो. मुलांच्या हाताला माती लागते, ही चांगलीच गोष्ट. पण त्या रोपाला खरी गरज पडते ती पुढच्या एप्रिल-मेमध्ये. तेव्हा विहिरीनं तळ गाठलेला असतो, गुरं मोकाट फिरत असतात आणि शाळेला सुट्टी लागलेली असते. जूनमध्ये मुलं परत येतात तेव्हा कितीतरी ठिकाणी वाळलेली काडी आणि मोडकं कुंपण तेवढं उरलेलं असतं. मग पुन्हा जुलै येतो आणि पुष्कळदा नवं रोप त्याच खड्ड्यात लागतं.

राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचं लक्ष्य २०१६ मध्ये २ कोटी रोपांचं होतं. पुढच्या वर्षी ते ४ कोटींवर, २०१८ मध्ये १३ कोटींवर आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेलं. शाळांनी अशा कामात हातभार लावावा, यात वाद नाही. पण त्या एका दिवसाला पर्यावरण शिक्षण म्हणणं चूक आहे. रोप लावून घरी गेलेल्या मुलाला त्या झाडाला फुलं कधी येतात, त्याच्या पानावर कोणती अळी वाढते, त्याच्या फांद्यांवर कोण घरटं बांधतं, यातलं काहीच कळलेलं नसतं. पुष्कळदा झाडाचं नावसुद्धा नाही.

विषय म्हणून पर्यावरणाची उणीव नाही. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करावं, असं सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्येच बजावलं. आपल्याकडे तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे. पुस्तकं चांगली आहेत, उपक्रमांच्या चौकटीही आहेत. पण त्या चौकटी वर्गातच, बाकावर बसूनच भरल्या जातात, कारण बाहेर पडायला वेळापत्रकात जागाच ठेवलेली नसते.

वास्तविक वर्गाबाहेर शिकण्याची वाट मराठी मुलखाला नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव त्यातूनच आलं. भोवतालच्या बिया, पानं, खडे हेच तिथं शिकण्याचं साहित्य होतं. निसर्ग ‘दाखवायला’ मुलांची सहल काढावी लागली नाही.

आज शाळेनं नेमकं काय आखावं? या प्रश्नाचं सगळ्यात साधं उत्तर म्हणजे एक झाड निवडावं आणि वर्षभर तेच पाहावं. आंबा, चिंच, बहावा, पळस, कडुनिंब, फाटकाबाहेरचं कोणतंही झाड चालेल. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात मुलं हेच करतात. आठवड्यातून एकदा झाडापाशी जायचं आणि कोवळी, जून, पिकली पानं, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं यांपैकी काय नाही, काय थोडं आहे, काय भरपूर आहे, एवढंच लिहायचं. केरळमधल्या शाळांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे. खर्च एका वहीचा, वेळ पंधरा मिनिटांचा.

पहिले काही आठवडे वहीत तेच ते येतं आणि मुलं कंटाळतात. शिक्षकानं तेव्हा धीर सोडू नये, कारण पुढे झाड स्वतःच शिकवू लागतं. पळसाची पानं झडतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनी भरून जातात. पानं नसताना फुलं का, असं वर्गातलं कुणीतरी विचारतंच. शिक्षकाला उत्तर ठाऊक नसेल तरी बिघडत नाही. फुलांवर कोण येतं ते सकाळी मोजू या, एवढं म्हटलं तरी पुढचा उपक्रम तयार होतो. मैना आणि सूर्यपक्षी मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. हीच वही पुढच्या वर्षी खालच्या वर्गाच्या हाती दिली, तर पाच वर्षांत शाळेजवळ आपल्या झाडाचा स्वतःचा इतिहास जमतो. मोहोर लवकर आला की उशिरा, हे मग अंदाजानं सांगावं लागत नाही.

पावसाचंही तसंच. सरळ उभ्या भिंतींचं, सपाट बुडाचं भांडं आणि मोजपट्टी एवढ्यावर शाळेचं पर्जन्यमापक तयार होतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडलं. हे एकदा समजलं की मुलं शाळेचं छप्पर मोजतात. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, एक टँकरभर पाणी! ज्या गावात मार्चपासून टँकरची वाट पाहिली जाते, तिथल्या सहावीच्या मुलानं हा गुणाकार स्वतः केला तर तो घरी जाऊन बोलतो. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. शाळेच्या आवारातही तो मांडता येतो.

हाताला काम देणाऱ्या उपक्रमाची आखणी बारकाईनं करावी लागते, नाहीतर हौसेपोटी इजा होते. फुलपाखराचं जीवनचक्र दाखवायचं तर रुईच्या पानावरची पट्ट्यापट्ट्यांची अळी चटकन सापडते. पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होऊ शकते, म्हणून ती लांबूनच पाहावी. पाळायला कढीपत्त्यावरची किंवा लिंबावरची अळी बरी. सुरुवातीला ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते. तोंडाला मलमल बांधलेली बरणी, आत बसायला एक काडी आणि रोज ताजा पाला, एवढंच तिला लागतं. पाला कोण आणणार, रविवारी बरणी कुणाच्या घरी जाणार, हे आधी फळ्यावर लिहून ठेवावं. कोष फुटून पंख सुकवत बसलेलं फुलपाखरू ज्या मुलानं पाहिलं, त्याला फवारणीतल्या विषाबद्दल वेगळा धडा शिकवावा लागत नाही.

एवढं करायला शिक्षकांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप खराच आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यावर सर्वेक्षणं आणि अहवाल. हा भार कमी करणं शासनाचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. पण साध्या सरकारी शाळांत हे जमतच नाही, हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षं चालला आणि शेकडो शाळांत पोचला. मुलं गटागटानं प्रयोग करत, परिसरात फेरी मारून नमुने गोळा करत. महत्त्वाचं म्हणजे परीक्षाही बदलली होती. पुस्तक उघडं ठेवून लिहायचं आणि हातानं प्रयोग करून दाखवायचा. २००२ मध्ये तिथल्या सरकारनं तो बंद केला, हा त्या राज्यातल्या मुलांवर अन्याय होता. परीक्षेत ज्याला जागा नाही ते शाळेत टिकत नाही. आपल्याकडेही निरीक्षणाच्या वहीला गुण द्यायलाच हवेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे मुलांनी शिकावं, अशी त्यामागची कल्पना आहे. हे दहा दिवस सलग उरकून टाकण्याऐवजी त्यांचे वीस अर्धे दिवस करून वर्षभर पेरावेत. गावातला माळी एकदाच आला तर त्याचं भाषण होईल. पावसाळ्यात, थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असा तीनदा आला तर मुलं त्याच्याकडून कलम बांधायला शिकतील.

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना यंदा एकच विनंती आहे. जुलैचे खड्डे खणण्याआधी पुढच्या मे महिन्यातल्या पाणी घालण्याच्या पाळ्या मुलांच्या आणि पालकांच्या नावानिशी लिहून काढाव्यात, आणि जेवढ्या पाळ्या भरतील तेवढीच रोपं लावावीत.