मुलाला जोखण्याआधी विचारा: प्रयोगातली मुलं कोणाची?

मार्शमॅलोच्या प्रयोगाचा व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी पाठवलाच असेल. मुलापुढे गोड खाऊ ठेवायचा. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन, असं सांगून बाहेर जायचं. थांबणारं मूल पुढे यशस्वी होतं, असं त्याखाली लिहिलेलं असतं.

तो पाहून घरी मुलाची परीक्षा घेऊ नका. खाऊ लगेच खाल्ला म्हणून त्याला उतावळा ठरवू नका.

वॉल्टर मिशेल यांनी हा प्रयोग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला. तिथे येणारी बरीच मुलं विद्यापीठातल्या लोकांचीच होती. थांबण्याचा संबंध पुढच्या परीक्षेतल्या गुणांशी जोडणारा निष्कर्ष १९९० मध्ये आला, तो शंभराहूनही कमी मुलांवरून.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९००हून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांच्या आया पदवीधर नव्हत्या, अशा मुलांवर त्यांनी भर दिला. त्यांच्यात हा संबंध जेमतेम निम्मा निघाला. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर तो आणखी खूपच घटला.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच पातेल्यातल्या भाताची.

म्हणून अशा प्रयोगाची बातमी आली की तीन गोष्टी बघा.

एक, माणसं किती आणि कुठली? २००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी मानसशास्त्राची सहा अमेरिकी नियतकालिकं तपासली. त्यांतल्या अभ्यासांत भाग घेतलेली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती. तिथे तेव्हा जगातले जेमतेम १२ टक्के लोक राहत होते.

दोन, ती निवडली कशी? सगळ्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून, की हाताशी होती ती घेतली? मोबाइलवरच्या प्रश्नावलीत वेळ आणि इंटरनेट नसलेली माणसं सुटतात.

तीन, दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या लोकांत तोच निकाल आला का?

उत्तरं सापडली नाहीत, तर त्या बातमीवरून मुलाची शाळा, क्लास किंवा शिक्षा ठरवू नका. काळजी वाटली तर त्याच्या बाईंशी, डॉक्टरांशी बोला. ते तुमच्या मुलाला ओळखतात.

आणि खऱ्या संशोधनासाठी कुणी दारात आलं, तर ओळखपत्र बघा, माहिती कशासाठी हवी ते विचारा. पटलं तर थोडा वेळ द्या. तुमच्यासारख्या घरांनी उत्तरं दिली, तरच निष्कर्ष तुमच्यासारख्या घरांना लागू पडतील.