गाभ्याचा पत्ता

कर्नल म्हटले की आमच्या श्रीपुरात अजूनही लष्करातला झुपकेदार मिशांचा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. संगणकातला कर्नल निराळा. तो म्हणजे गाभा. यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. युनिक्सच्या धर्तीवरचा लिनक्स नावाचा असा गाभा हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जगापुढे ठेवला. तो कोणालाही आपल्या गरजेप्रमाणे घरी बांधता येतो. मात्र बांधताना हवे-नको ते पर्याय निवडावे लागतात, आणि ते आहेत दहा हजारांहून अधिक! रुखवताची यादी करणाऱ्यांनीही येथे हात टेकावेत.

यंदा सुटीत माझ्या भाचीने घरातल्या जुन्या संगणकासाठी हा गाभा बांधला. यंत्र सुरू झाले, पण इंटरनेट काही येईना. भाऊबीजेला परदेशातल्या भावाचे तोंड दिसायचे ते याच यंत्रावर! पोरगी रडकुंडीला आली. यादी तीनदा वाचली, तरी नेटवर्क कार्डाचे नाव सापडेना.

मी म्हटले, "अगं, यादीत वस्तू शोधू नकोस, वस्तूवरून यादीत ये."

तिने आधीचा, चालता गाभा पुन्हा सुरू केला आणि 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दिली. कार्डाखाली ड्रायव्हरचे नाव उमटले: 'आर८१६९'. मग 'मेक मेनूकॉन्फिग'च्या पडद्यावर तिरकी रेघ दाबून तेच नाव टाकले. पर्याय तर मिळालाच; शिवाय तो कोणत्या कप्प्यात आहे आणि कशावर अवलंबून आहे, तेही लिहिलेले! रिअलटेकच्या उपकरणांचा वरचा पर्यायच तिने वगळला होता. म्हणून त्याच्या पोटातला हा पर्याय यादीत दिसतच नव्हता. संध्याकाळपर्यंत गाभा नव्याने बांधून झाला आणि भाऊरायांचे दर्शनही घडले.

माळशिरस तालुक्यातल्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. फाट्याचे दार बंद असेल, तर चारीवर उभे राहून पाण्याची वाट पाहण्यात काय अर्थ? आधी वरचे दार पाहावे.

आणखी एक सांगतो. केलेली निवड 'डॉट कॉन्फिग' या फाइलीत राहते. ती जपून ठेवावी. पुढे नवा गाभा आला की ती तिथे ठेवून 'मेक ओल्डकॉन्फिग' म्हणावे. मग जे नवे असेल तेवढेच विचारले जाते. आजीची लोणच्याच्या प्रमाणांची वही आपण जपतोच ना? तिच्याच शेजारी हिलाही जागा द्यावी.