एका धारेवर गाय घेऊ नका

बाजारात गाय घेताना तुम्ही काय बघता? कास, सड आणि उभ्या उभ्या काढून दाखवलेली धार. व्यापारी म्हणतो, "चौदा लिटरची गाय आहे, पाटील." तो खोटं बोलत नसेलही. (आदली धार चुकवून कास तुंबवली असेल तर गोष्ट वेगळी.) पण हे चौदा लिटर वेताच्या कितव्या दिवसाचे, हे आपण विचारत नाही आणि फसगत तिथंच होते.

संकरित गाय व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत सर्वांत जास्त दुधावर येते, मग दूध हळूहळू उतरतं. म्हणून गायीची किंमत ३०५ दिवसांच्या वेतावर ठरवावी. त्यासाठी रोज मोजायला नको. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचं दूध मोजा आणि वहीत लिहा.

समजा १५व्या दिवशी १२ लिटर भरलं, ४५व्या दिवशी १४, ७५व्याला १३ आणि १०५व्याला १२. दोन मोजण्यांची सरासरी मधल्या ३० दिवसांनी गुणायची. पहिल्या १५ दिवसांचे १८०, मग ३९०, ४०५ आणि ३७५. झाले १,३५० लिटर. पुढेही महिन्याला एकेक लिटर उतरत गेलं, तर उरलेल्या २०० दिवसांत सुमारे १,७४० मिळतील. म्हणजे साडेतीन महिन्यांतच कळलं की ही ३,१०० लिटरच्या आसपासची गाय आहे. व्यापाऱ्याच्या चौदाला ३०५ ने गुणलं तर ४,२७० येतात! ३० रुपये भाव धरला तरी फरक पस्तीस हजारांचा.

दूध चढण्या-उतरण्याचं सूत्र इंग्लंडच्या वूड यांनी १९६७ साली मांडलं, पण आपल्याला बेरीज-गुणाकार पुरे. अंदाज चुकतोही. मोजणीच्या दिवशी गाय माजावर असेल, तापली असेल, तर आकडा फसवा येतो. चार दिवसांनी पुन्हा मोजा. पहिलारू गाय कमी चढते, पण टिकून देते. तिला एका मोजणीवर बाजार दाखवू नका. डेअरीच्या पुस्तकावरही विसंबू नका, त्यात घरी ठेवलेलं आणि वासरानं प्यालेलं दूध नसतं.

आता थोडं गावच्या कारभाऱ्यांसाठी. रेतनासाठी वापरायच्या वळूची पारख त्याच्या लेकींच्या दुधावरून होते आणि त्या लेकी आपल्याच गोठ्यांत बांधलेल्या असतात. कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी नंबरावर दुधाची नोंद चढते. नोंद घेणारा धारेच्या वेळी गोठ्यात न येता चहाच्या टपरीवर बसून "लिहा दहा" म्हणत असेल, तर हलक्या वळूचं रेत चांगलं ठरून गावात येतं आणि ते कळायला कालवड व्यायची वाट बघावी लागते, म्हणजे तीनेक वर्षं. सरपंचांनी, पशुधन पर्यवेक्षकांनी महिन्यातून एकदा दोन-चार गोठ्यांत धारेला उभं राहून वहीतला आकडा बादलीशी ताडून पाहावा.